पाच बाय पाचचे शब्दकोडे : प्रकल्प नोंदी, नाशिक

४ जानेवारी

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर शब्दकोड्याचा फलक लावायचा आहे. तोच कोडेपत्र म्हणून छापून वाटायचाही आहे. कोडे देखणे हवे, एवढीच अट पुढे ठेवली आहे. देखणे म्हणजे काय, ते घरे आखता आखता ठरवू.

पहिला नियम आजच पक्का : एका घरात एक अक्षर, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर सगळे धरून एक. 'ग्र' एक घर, 'न्म' एक घर. मराठी वाचक कोडे याच हिशेबाने सोडवतो आणि ही सवय वर्तमानपत्रांच्याही फार आधीची आहे. भारवीच्या किरातार्जुनीय या संस्कृत महाकाव्याच्या पंधराव्या सर्गात सर्वतोभद्र बंधाचा श्लोक आहे. तो आठ बाय आठच्या घरांत मांडला की आडवा, उभा, सुलटा, उलटा सारखाच वाचता येतो. त्याचा डावा वरचा कोपरा असा :

दे  वा  का  नि
वा  हि  का  स्व
का  का  रे  भ
नि  स्व  भ  व्य

'स्व' आणि 'व्य' एकेका घरात बसले आहेत. आपला नियम तोच.

५ जानेवारी

या नियमाची किंमत मोजून ठेवली. इंग्रजी कोड्यात कुठल्याही घरात २६ पैकी एक अक्षर येते. आपल्याकडे एकट्या 'क'ची बाराखडीत १२ रूपे आणि जोडाक्षरे वेगळीच. आडव्या शब्दात 'कु' आला तर उभ्या शब्दातही नेमका 'कु'च लागतो, 'क' किंवा 'कू' चालत नाही. शिवाय आपले शब्द घरांच्या हिशेबाने आखूड. 'कुसुमाग्रज' हे भारदस्त नावही पाचच घरे घेते. म्हणून इंग्रजी १५ बाय १५चा आराखडा उचलून त्यात मराठी शब्द कोंबले की ओढूनताणून आणलेले शब्द शिरतात. ७ किंवा ९चा चौरस आपल्याला पुरे.

८ जानेवारी

पहिला प्रयत्न, काळे घर एकही नसलेला :

न  ज  र
ज  व  स
र  स  द

नजर, जवस, रसद. तिन्ही शब्द रोजच्या वापरातले, आडवे वाचा की उभे वाचा. कागदावर इतके नेटके दिसते की बराच वेळ दुसरे काही सुचवावेसे वाटले नाही. पण कोडे म्हणून ते अडते. पहिला आडवा शब्द येत नसेल तर मदतीला पहिला उभा शब्द, आणि तो पुन्हा 'नजर'च! संकेत सहा द्यावे लागतील, शब्द मात्र तीनच. छेदणाऱ्या शब्दाने नवी माहिती आणली नाही तर छेद हा नुसता नक्षीकामाचा टाका होतो. सर्वतोभद्र बंधाचेही तेच आहे, पण तो श्लोक आहे, कुणी सोडवायला बसत नाही.

हा चौरस बाजूला ठेवला. लहान मुलांच्या पत्रकात भरावयाच्या कोड्यासाठी चालेल.

११ जानेवारी

दुसरा प्रयत्न ९ बाय ९. मधल्या ओळीत, तिसऱ्या ते सातव्या घरात 'कुसुमाग्रज', त्याला मधोमध छेदणारा तीन घरांचा 'विमान' (नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यामुळे). बाकी आठ आडवे शब्द चार-चार घरांचे, आठ उभ्यांपैकी चार चार घरांचे आणि चार तीन घरांचे. एकूण १८ शब्द, ८१ पैकी ५१ घरे पांढरी, ३० काळी.

आराखड्याला अर्धवळशाची सममिती दिली : पान उलटे धरले, म्हणजे १८० अंशांत फिरवले, तरी काळ्या घरांची नक्षी तीच राहते. इंग्रजी कोड्यांत ही चाल रूढ आहे. पहिले कोडे मात्र चौरस नव्हते. आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये दिलेले कोडे शंकरपाळ्याच्या आकाराचे होते आणि मध्ये पोकळी होती. अर्धवळसा डोळ्याला का भावतो याचे उत्तर आरसा-सममितीशेजारी तो ठेवला की मिळते. आरशातली नक्षी पाहताक्षणी कळते आणि तिथेच संपते. अर्धवळशात डाव्या वरच्या कोपऱ्याचा जोडीदार उजव्या खालच्या कोपऱ्यात असतो. तोल जाणवतो, पण तो कुठून आला ते शोधायला नजर पान ओलांडून जाते.

१२ जानेवारी

कालचा आराखडा रद्द. नक्षी सुरेख, पण डावा वरचा आणि उजवा खालचा कोपरा उरलेल्या कोड्यापासून तुटलेले निघाले. तपासायची रीत सोपी आहे : कुठल्याही एका पांढऱ्या घरावर पेन्सिल टेकवा आणि आडव्या-उभ्या शेजारच्या पांढऱ्या घरांवरून, काळे न ओलांडता, जिथवर जाता येईल तिथवर जा. शेवटी एकही पांढरे घर कोरे राहता कामा नये. आमच्याकडे दोन कोपरे कोरे राहिले. म्हणजे एका चौकटीत तीन वेगळी कोडी. मधले सुटले तरी त्या कोपऱ्यांना त्याचे एकही अक्षर मिळणार नव्हते.

कारणही लिहून ठेवतो. चार घरांचे शब्द ओळीत दोन्हीकडे बसवायचे म्हणजे मधले, पाचवे घर काळे करावेच लागते. असे पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या, चारही ओळींत केले की मध्ये काळी भिंत उभी राहते. आराखडा आखताना सममिती आधी आणि सलगता नंतर तपासली, हा क्रम चुकला. यापुढे आधी पेन्सिल फिरवायची.

१५ जानेवारी

५ बाय ५वर आलो. 'कुसुमाग्रज' पाच घरांचा, म्हणजे मधली ओळ पूर्ण त्याचीच. मधोमध 'मा'. आता मधल्या उभ्या रकान्यासाठी तिसरे अक्षर 'मा' असलेला पाच घरांचा शब्द हवा. अपमानित, अनुमानित, गतिमानता असे तपासत 'जनमानस' सापडला, आणि शोध तिथे थांबला. कुसुमाग्रजांच्या नावाला मधोमध छेदायला याहून योग्य शब्द नाही.

त्या मधल्या घराकडे जवळून पाहावे. कुसुम आणि अग्रज यांचा संधी 'मा'त होतो : 'म'मधला अ आणि 'अग्रज'चा अ मिळून काना. म्हणजे नावाचा सांधा पंचवीस घरांच्या बरोबर केंद्रात आला आहे. उभ्या शब्दातही जन आणि मानस जिथे जुळतात, तिथे तोच 'मा' मानसाची सुरुवात करतो. हे ठरवून केलेले नाही, शब्दांच्या घडणीतून आपोआप आले. कोड्याचे सौंदर्य आम्हाला काळ्या-पांढऱ्या नक्षीपेक्षा अशा सामाईक घरात जास्त दिसते.

१६ जानेवारी

डावा रकाना : तिसरे अक्षर 'कु', चार घरे, खालचे पाचवे घर काळे. पहिली निवड 'गुरुकुल'. मग पहिल्या ओळीत पहिले 'गु' आणि तिसरे 'ज' असलेला शब्द लागतो. 'गुरुजन' चपखल बसला, तरी दोन कारणांनी काढला. गुरुजन आणि गुरुकुल एकाच घरातून निघतात आणि दोघांचाही दुसरा 'रु'. एक सुटला की दुसरा अर्धा फुकट. शिवाय 'जन' आधीच जनमानसमध्ये आहे. एका कोड्यात एक मूळ शब्द एकदाच, हा नियम मोडला की सोडवणाऱ्याला फसवल्यासारखे वाटते.

'राजकुल' घेतला. पहिली ओळ : रा, काहीतरी, ज, काहीतरी. रामजन्म! काळाराम मंदिराच्या गावात हा शब्द बाहेरून आणावा लागत नाही.

१७ जानेवारी

उजवा रकाना : वरचे घर काळे, तिसऱ्या ओळीत 'ज', म्हणजे चार घरांच्या शब्दाचे दुसरे अक्षर 'ज'. शेवटची ओळ दुसऱ्या घरापासून, आणि तिचे दुसरे अक्षर जनमानसचा 'स'. 'राजपूत' आणि 'कसरत' ही जोडी जुळली, पण 'राज' पुन्हा आला म्हणून गेली. 'अजगर' आणि 'रसदार' जुळले.

रा  म  ज  न्म  ■
ज  ■  न  ■  अ
कु  सु  मा  ग्र  ज
ल  ■  न  ■  ग
■  र  स  दा  र

१९ पांढरी घरे, ६ काळी, ६ शब्द, ७ सामाईक घरे. प्रत्येक शब्दाची निम्मी किंवा जास्त अक्षरे दुसऱ्या शब्दातून मिळतात. पेन्सिल सगळीकडे पोहोचते, अर्धवळसाही जमतो. इंग्लंडमधल्या जाळीदार कोड्यांत साधारण हाच नियम पाळतात. अमेरिकी कोड्यात प्रत्येक अक्षर दोन्ही शब्दांत लागते. ते मराठीत या आकारात साधायचे तर 'नजर-जवस'सारखे बिनमात्रांचे शब्द गोळा करावे लागतात, आणि कोडे सपाट दिसते. 'न्म', 'ग्र', 'कु', 'दा' अशी उंचसखल अक्षरे असली की भरलेला चौरस मराठी दिसतो.

क्रमांक : डावीकडून उजवीकडे, ओळीने खाली जाताना जिथे शब्द सुरू होतो तिथे पुढचा आकडा. १ आडवा रामजन्म, १ उभा राजकुल, २ उभा जनमानस, ३ उभा अजगर, ४ आडवा कुसुमाग्रज, ५ आडवा रसदार.

२० जानेवारी

एकटी घरे, म्हणजे ज्यांना दुसरा शब्द छेदत नाही, ती १२ आहेत. धोका तिथेच असतो, म्हणून प्रत्येक एकट्या घरात दुसरे अक्षर बसते का ते पाहिले. दोन जागा सापडल्या.

पहिली : 'रसदार'चा पहिला 'र'. तिथे 'क' टाकला तर 'कसदार', तोही खरा शब्द. 'उत्तम प्रतीचे' असा ढिला संकेत दिला तर दोन्ही उत्तरे बरोबर ठरतील.

दुसरी अवघड : 'राजकुल'चा 'ल'. मराठीत कुल आणि कुळ दोन्ही चालतात, 'राजकुळ' लिहिणाऱ्याला चूक म्हणता येणार नाही. आधी हे घर सामाईक करून पाहिले. त्यासाठी चौथ्या ओळीतले दुसरे घर पांढरे करावे लागते आणि सममितीसाठी दुसऱ्या ओळीतले चौथेही. मग तिथे 'न' ने सुरू होऊन 'अ' ने संपणारा तीन घरांचा शब्द हवा. सुटा 'अ' मराठीत शब्दाच्या सुरुवातीला येतो, शेवटी येत नाही. दार बंद. उरला उपाय संकेताचा : तिथे 'तत्सम' असे स्पष्ट लिहायचे.

(सुटा 'अ' नेहमी शब्दाच्या पहिल्याच घरात ठेवावा. छेदात आला तर दोन्ही शब्द त्याच्यापासूनच सुरू व्हावे लागतात.)

२३ जानेवारी

संकेत. कंसात घरांची संख्या.

१ आडवा : काळाराम मंदिरात चैत्र शुद्ध नवमीला भर दुपारी होणारा सोहळा (४)
४ आडवा : कुसुमचा थोरला भाऊ, मराठीचा मोठा कवी (५)
५ आडवा : चावताच तोंड भरून टाकणारे, जसे पिकलेले द्राक्ष (४)
१ उभा : राजघराणे, तत्सम शब्द (४)
२ उभा : सगळ्या लोकांचे मिळून एक मन (५)
३ उभा : नावातच बोकड गिळून बसलेला (४)

४ आडव्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. 'वि. वा. शिरवाडकर यांचे टोपणनाव' असे लिहिले तर नाशिकमध्ये तो संकेतच उरत नाही, उत्तर सांगितल्यासारखे होते. शिरवाडकरांनी टोपणनाव घेतले ते कुसुम या बहिणीचा अग्रज म्हणून. तोच अर्थ संकेतात ठेवला की ज्याला नाव माहीत आहे पण त्याची फोड कधी केलेली नाही, त्याला उत्तर सापडताना दुसरी गोष्टही सापडते. चांगल्या संकेताची आमची कसोटी हीच : उत्तर लिहिल्यावर संकेत पुन्हा वाचावासा वाटला पाहिजे.

३ उभ्यातही शब्दाची फोडच आहे. अज म्हणजे बोकड, गर म्हणजे गिळणारा. 'मोठा बिनविषारी साप' हा पहिला खर्डा बरोबर होता आणि निर्जीव होता. रामजन्म असलेल्या चौकटीत 'अज' यावा हेही छान : दशरथाच्या वडिलांचे नाव अज.

३० जानेवारी

अक्षरजुळणी. शब्द घराघरांत तोडायचे काम संगणकाला दिले आणि तिथे पहिली गडबड झाली. स्प्रेडशीटच्या लांबी मोजणाऱ्या सूत्राने 'कुसुमाग्रज'ची लांबी १० सांगितली, कारण ते क, उकार, स, उकार, म, काना, ग, हलन्ताची खूण, र, ज असे सुटे मोजते. त्या हिशेबाने तोडले की उकार एकटाच ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतो. अक्षरसमूहाने तोडणारी सोय वापरली तर उकार जागेवर राहतो, पण जुन्या आवृत्तीत 'ग्' आणि 'र' तरीही वेगळे पडतात. देवनागरी जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत आला. १९ घरांसाठी एवढा खटाटोप नको, हाताने भरले. मोठ्या कोड्याला मात्र आवृत्ती आधी पाहावी.

घराचा आकार : ८ मिमी, १० मिमी, १२ मिमी आणि १६ मिमीची घरे छापून पेनाने भरून पाहिली. ८ मध्ये 'न्म' चिरडतो. १० मध्ये 'कु'चा उकार खालच्या रेघेला चिकटतो आणि 'कू' आहे की 'कु' ते कळत नाही. १२ पुरते. पत्रक ए५ आहे आणि घरे पाचच, म्हणून १६ मिमी घेतले, चौरस ८ सेंमीचा झाला. क्रमांक ७ पॉइंटचा, डाव्या वरच्या कोपऱ्यात कडेपासून १ मिमी आत. त्याहून मोठा घेतला की शिरोरेघ ओढताना आकडा खोडला जातो.

६ फेब्रुवारी

शालिमार भागातल्या एका छापखान्यातून नमुना प्रत आली. तिथल्या जुन्या फाँटमध्ये मजकूर बदलताना 'रामजन्म'चा 'न्म' फुटून 'न' आणि 'म' झाले, 'शुद्ध'चा 'द्ध'ही गेला. पहिल्या ओळीत पाच अक्षरे चार घरांत! फाइल परत घेतली, सगळी अक्षरे कर्व्हमध्ये बदलून पीडीएफ दिली. आता ती चित्रे आहेत, कुठल्याही यंत्रावर तशीच उमटतील. मात्र कर्व्ह केल्यावर दुरुस्ती करता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवली. २०० पत्रके, म्हणजे ए४चे १०० कागद.

११ फेब्रुवारी

फलक. १२ मिमी प्लायवूडचा ८१ सेंमी चौरस, त्यावर ७५ सेंमी चौरसाचा पांढरा रंगवलेला लोखंडी पत्रा, भोवती ३ सेंमीची पट्टी. घर १५ सेंमी. रेघा ३ मिमी काळ्या चिकटपट्टीच्या, काळी घरे काळ्या विनाइलची. विनाइल लावताना मधून कडेकडे सरकत जावे, नाहीतर हवेचे फुगे राहतात आणि उजेड तिरपा पडला की काळे घर सुरकुतलेले दिसते.

अक्षरे सुट्या पाट्यांवर : ५ मिमी सनबोर्ड, १३ सेंमी चौरस, मागे चुंबकी पट्टी. मधोमध एकच पट्टी लावली तर पाटी फिरते आणि अक्षर तिरके होते. वर आणि खाली दोन आडव्या पट्ट्या लावल्या की सरळ राहते. १९ पाट्यांत 'ज' तीन, 'न' दोन, 'र' दोन, बाकी एकेक.

पाट्या बरोबर तेवढ्याच ठेवल्या तर शेवटची पाच-सहा घरे विचार न करता भरतात. म्हणून पाच जादा : ळ, क, कू, सू, गृ. एकूण २४. 'ळ' आणि 'क' मुद्दाम, २० जानेवारीच्या दोन जागांसाठी.

१८ फेब्रुवारी

फलकावर भरून पाहिले. दुरून, दहा-बारा पावलांवरून, रिकामा चौरस जास्त देखणा दिसतो. भरलेला जवळून. फलकाची उंची ठरवताना याचा उपयोग झाला : मधली ओळ जमिनीपासून १२५ सेंमीवर, म्हणजे खालची ओळ शाळकरी मुलांच्या हाताला येते आणि वरची मोठ्यांच्या नजरेसमोर राहते.

पाट्यांवरची अक्षरे आधी घराच्या मधोमध छापली होती. शिरोरेघा तेव्हा ओळीत येईनात, कारण 'कु' खाली पसरतो, 'ज' नाही. पुन्हा छापली, सर्व पाट्यांवर शिरोरेघ वरच्या कडेपासून ४ सेंमीवर. आता 'कुसुमाग्रज' सलग ओळीत वाचता येते आणि जोडलेल्या शब्दासारखेच दिसते. मागच्या सगळ्या कामात एवढा मोठा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही.

२७ फेब्रुवारी

सकाळी फलक लावला, पाट्या खालच्या तबकात मिसळून ठेवल्या. 'मा' सर्वांत आधी बसला, त्यावरून 'जनमानस'. 'रसदार'ला कुणी 'क' लावला नाही. पहिल्या रकान्यात रा, ज, कु झाल्यावर 'ळ'ची पाटी उचलली गेली, घरावर टेकवलीही गेली. मग संकेत पुन्हा मोठ्याने वाचला गेला, 'तत्सम'वर थांबून, आणि 'ळ' तबकात परत गेला.

संध्याकाळी 'सू'च्या पाटीची खालची पट्टी सुटलेली आढळली. सनबोर्डाला दुतर्फी टेप पुरत नाही, पुढच्या वेळी रबरी सरस वापरायचा आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचे.